खुर्द्याची गणती



पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत कशी पोहोचली, ही हकिकत तुम्ही शाळेत ऐकली असेल. जानेवारी १७६१ मध्ये पेशवे उत्तरेकडे निघालेले असताना एका सावकारी जासुदाजवळचे पत्र त्यांच्या हाती लागले. त्यात युद्धाचा उघड उल्लेख नव्हता. व्यापाऱ्याच्या सांकेतिक भाषेत हानीचा हिशेब तेवढा मांडला होता. मोती दोन, मोहरा सत्तावीस, आणि रुपये-खुर्दा मात्र अगणित, असा त्या हिशेबाचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. खुर्दा म्हणजे सुटी नाणी, चिल्लर. अर्थात शिपाई, मोतद्दार, बाजारबुणगे, लष्करासोबत निघालेले यात्रेकरू आणि बायका-मुले.

हे पत्र शिकवताना विद्यार्थ्यांचे लक्ष बहुधा मोत्यांवर आणि मोहरांवर खिळते. सांकेतिक भाषेचे सौंदर्य त्यांना मोहून टाकते आणि ते योग्यच आहे. मी मात्र दरवेळी शेवटच्या कलमाशी थांबतो. पत्र लिहिणारा निष्ठुर नव्हता. चिल्लर मोजण्याचे साधनच त्याच्याजवळ नव्हते. परंतु ज्यांची गणती झाली नाही, त्यांचा शोकही सार्वजनिक होत नाही; तो घराघरांत विरून जातो. मोत्यांसाठी इतिहास लिहिला जातो, खुर्द्यासाठी ‘असंख्य’ हे एक विशेषण पुरते. युद्धानंतर शांतता प्रस्थापित करण्याचे खरे काम, माझ्या मते, या शेवटच्या कलमापासून सुरू होते. आपल्या काळात त्या कामाला कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य मिळू लागले आहे. ते साहाय्य कोणत्या प्रकारचे आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याचा विचार या निबंधात आपण करू.

मृतांची मोजदाद वरवर पाहता सोपी वाटते. याद्या मिळवाव्यात आणि बेरीज करावी, इतकेच. पण यादीत माणूस नसतो, नाव असते. आणि नाव ही फार चंचल वस्तू आहे. मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरताना तुमच्यापैकी अनेकांना याचा अनुभव आला असेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे. कोठे ‘बाई’ जोडलेले, कोठे वडिलांचे नाव गाळलेले. विवाहित विद्यार्थिनींना तर हा अनुभव चुकत नाही. माहेरची यमुना सासरी आल्यावर सरस्वती होते, आणि तिचे आधीचे सारे आयुष्य दुसऱ्याच एका नावाने कागदोपत्री पडून राहते. माझ्या आजीचीही अशीच दोन नावे होती. तिच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद करण्याची वेळ आली, तेव्हा ही दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र आम्हांला करावे लागले. गावातील दोन वृद्धांनी साक्ष दिली म्हणून ते निभावले. साक्ष देणारे कोणी उरलेच नसते, तर कागदाच्या दृष्टीने आजी एक नव्हे, दोन बायका ठरली असती. किंवा एकही नाही.

शांत गावात, एका घरातल्या एका मृत्यूच्या बाबतीत ही अडचण येत असेल, तर पन्नास वर्षे यादवी सोसलेल्या देशात काय होत असेल, याची कल्पना करा. एकाच माणसाच्या हत्येची नोंद पोलिसांकडे एका नावाने, चर्चच्या दप्तरात दुसऱ्या नावाने आणि मानवी हक्क संघटनेच्या वहीत केवळ टोपणनावाने झालेली असते. तिन्ही नोंदी वेगवेगळ्या मोजल्या, तर एका मृताचे तीन मृत होतात. उलट तिन्ही याद्यांतून जो सुटला, तो जणू जन्मलाच नव्हता. पहिल्या चुकीमुळे आकडा फुगतो आणि अत्याचार करणाऱ्याला ‘हे सारे खोटे आहे’ असे म्हणायला सवड मिळते. दुसऱ्या चुकीमुळे आकडा आटतो आणि दूरच्या खेड्यातील गरिबाचा मृत्यू दुसऱ्यांदा पुसला जातो.

यापैकी दुसऱ्या अडचणीवर गणिताने एक उपाय शोधला आहे. तो समजण्यास कठीण नाही. समजा, एका जत्रेत किती माणसे आली, हे आपल्याला ठाऊक नाही. देवळाच्या दारात एका स्वयंसेवकाने १०० जणांची नावे लिहून घेतली. नदीच्या घाटावर दुसऱ्याने, पहिल्याशी न बोलता, १०० नावे लिहिली. दोन्ही याद्यांत ५० नावे समान निघाली, तर जत्रा लहान असली पाहिजे. सुमारे २०० माणसांची. समान नावे १०च निघाली, तर जत्रा मोठी, सुमारे हजाराची. याद्या एकमेकींवर जितक्या कमी पडतात, तितके न नोंदलेले लोक अधिक. म्हणजे ज्यांना कोणीच पाहिले नाही, त्यांचीही चाहूल पाहिलेल्यांच्या याद्यांतून लागू शकते.

पेरू या देशात या पद्धतीचा उपयोग झाला. तेथे १९८० ते २००० या काळात ‘सेन्देरो लुमिनोसो’ ही माओवादी संघटना आणि शासनाची सशस्त्र दले यांच्या संघर्षात खेडीच्या खेडी भरडली गेली. सत्य आणि समेट आयोगाने २००३ मध्ये आपला अहवाल सादर केला. आयोगाजवळ नावानिशी नोंदलेले मृत व बेपत्ता लोक सुमारे २४ हजार होते. निरनिराळ्या याद्या ताडून केलेल्या अंदाजानुसार मात्र बळींची संख्या ६९,२८० निघाली. त्यापूर्वी देशात जे आकडे सांगितले जात, त्यांच्या जवळजवळ दुप्पट. मराठीचा विद्यार्थी म्हणून तुम्ही लक्षात ठेवावी अशी त्या अहवालातील गोष्ट आणखी वेगळी आहे. बळी पडलेल्या दर चार माणसांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा अन्य एखादी मूलनिवासी भाषा होती. देशाच्या लोकसंख्येत मात्र या भाषिकांचे प्रमाण त्यापेक्षा कितीतरी कमी होते. राजधानी स्पॅनिशमध्ये वृत्तपत्रे वाचत होती आणि डोंगरातला आक्रोश केचुआत चालला होता. हजारो नागरिक नाहीसे झाले आणि उरलेल्या देशाला त्याचा पुरता पत्ता लागला नाही, यामागे केवळ भौगोलिक अंतर नव्हते; भाषेचे अंतरही होते.

पेरूतील काम प्रामुख्याने संख्याशास्त्राचे होते. शिकणाऱ्या यंत्राचे साहाय्य मोठ्या प्रमाणावर कसे घेता येते, हे पाहण्यासाठी आपण शेजारच्या कोलंबियाकडे वळू. तेथील सरकार आणि ‘फार्क’ ही बंडखोर संघटना यांच्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये शांतता करार झाला. पाच दशकांहून अधिक काळ चाललेल्या संघर्षातील एक मोठे पर्व संपले. या करारानुसार तीन संस्था निर्माण झाल्या: एक सत्य आयोग, एक विशेष न्यायाधिकरण आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणारे एक पथक. फ्रान्सिस्को दे रू हे जेझुइट धर्मगुरू सत्य आयोगाचे अध्यक्ष होते. आयोग, न्यायाधिकरण आणि ‘ह्यूमन राइट्स डेटा अ‍ॅनालिसिस ग्रुप’ ही अभ्यासकांची संस्था यांनी मिळून शंभराहून अधिक याद्या एकत्र केल्या. त्या शासनाच्या होत्या, पीडितांच्या संघटनांच्या होत्या, सामाजिक संस्थांच्याही होत्या.

आता येथील अडचणीचे आकारमान पाहा. केवळ एक लाख नोंदी असल्या, तरी प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडायची म्हटल्यास सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. एखाद्याने क्षणाचीही विश्रांती न घेता दर सेकंदाला एक जोडी तपासली, तरी त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागतील. येथे यंत्र उपयोगी पडते. प्रथम माणसे काही हजार जोड्या डोळ्यांखालून घालतात. नाव किंचित वेगळे आहे, पण गाव तेच आहे, तारीख एका दिवसाने पुढे-मागे आहे, वयही जुळते. म्हणजे हा एकच माणूस. किंवा नाव अगदी तेच आहे, पण एक मृत्यू डोंगरातला आणि दुसरा दूरच्या किनाऱ्यावरचा; म्हणजे हे दोघे. अशा निवाड्यांवरून यंत्र शिकते आणि मग उरलेल्या प्रचंड ढिगाऱ्यात तोच विवेक लावत जाते. आमच्या गावातील त्या दोन वृद्धांनी एका प्रतिज्ञापत्रासाठी जे केले, तेच काम येथे लक्षावधी वेळा होते. फरक इतकाच, की यंत्राला गाव आठवत नाही. त्याला माणसांनी शिकवलेले साम्य तेवढे ओळखता येते.

जून २०२२ मध्ये आयोगाने आपला अंतिम अहवाल देशापुढे ठेवला. १९८५ ते २०१८ या काळात किमान ४,५०,६६४ माणसे मारली गेली, असा त्यातला निष्कर्ष आहे. ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचा अंदाज धरला, तर ही संख्या ८ लाखांपर्यंत जाऊ शकते. बलपूर्वक बेपत्ता केलेल्यांची संख्या १,२१,७६८ इतकी काढण्यात आली. तीही प्रत्यक्षात बरीच अधिक असण्याची शक्यता अहवालाने नोंदवली.

तुम्ही विचाराल, आकडा नेमका झाल्याने मेलेला माणूस परत येतो का? येत नाही. मग या खटाटोपातून काय साधते? याचे उत्तर त्याच देशातील एका संख्येत आहे. ती संख्या ६,४०२.

कोलंबियाच्या सैन्यात शत्रूचे किती बंडखोर मारले, यावर शाबासकी, रजा आणि बढती अवलंबून होती. परिणामी गरीब वस्त्यांतील निरपराध तरुणांना कामाचे आमिष दाखवून दूर नेण्यात येई, ठार मारण्यात येई आणि बंडखोरांचा वेश चढवून ‘चकमकीत मारले गेले’ अशी त्यांची नोंद होई. राजधानी बोगोताला लागून असलेल्या सोआचा येथील बेपत्ता तरुणांचे मृतदेह २००८ मध्ये शेकडो किलोमीटर दूर ओकान्या परिसरात सापडले, तेव्हा हा प्रकार देशभर गाजला. म्हणजे एका यादीत एक आई आपला मुलगा हरवल्याचे सांगत होती आणि दुसऱ्या यादीत त्याच मुलाचा देह निनावी शत्रू म्हणून विजयाच्या खात्यावर जमा झालेला होता. दोन कागद एकमेकांना भेटले नाहीत, तोपर्यंत असत्यच इतिहास होऊन बसले होते. निरनिराळे स्रोत एकमेकांशी ताडून विशेष न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले, की २००२ ते २००८ या काळात किमान ६,४०२ व्यक्ती अशा रीतीने मारल्या गेल्या. ‘काही तुरळक गैरप्रकार’ असे म्हणून हात झटकण्याचा मार्ग त्या दिवशी बंद झाला.

आणि तरीही त्या संख्येने जे साधले नाही, तेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये ओकान्या येथे जाहीर सुनावणी झाली. निवृत्त सैनिकी अधिकारी मृतांच्या आया, बहिणी आणि मुले यांच्यासमोर उभे राहिले आणि आपण काय केले ते त्यांनी स्वमुखाने सांगितले. आयांनी प्रश्न विचारले. ‘माझा मुलगा बंडखोर नव्हता’ हे वाक्य त्या वर्षानुवर्षे म्हणत आल्या होत्या; ते आता मारणाऱ्याच्या तोंडून त्यांना ऐकायचे होते. सोआचाच्या या मातांनी रबरी गमबूट रंगवून त्यांची प्रदर्शने भरवली. कारण त्यांच्या मुलांच्या मृतदेहांना घाईघाईने असेच बूट चढवलेले होते, कधी डाव्या पायात उजवा. कोणतेही यंत्र हा बूट रंगवू शकत नाही. कबुली, क्षमा आणि क्षमेला नकार या तिन्ही गोष्टी माणसाच्याच आहेत. यंत्राचे काम त्या सभागृहाच्या दारापर्यंत पोहोचवण्याचे. आत माणसानेच जायचे असते.

यंत्राविषयी आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली गोष्ट अशी, की अंदाज हा अंदाजच असतो. पेरूतील संख्येवर २०१९ मध्ये सिल्व्हिओ रेंडॉन या अर्थतज्ज्ञाने आक्षेप घेतला. वेगळ्या रीतीने हिशेब करून त्याने ती सुमारे ४८ हजार असल्याचे मांडले, आणि मूळ अभ्यासकांनी त्याला उत्तरही दिले. या वादाने निराश होण्याचे कारण नाही. पद्धत उघड मांडलेली होती म्हणूनच वाद होऊ शकला. ज्या आकड्यामागचा हिशेब दाखवला जात नाही, तो आकडा यंत्राने काढला काय आणि माणसाने काढला काय, त्याला हुकूम म्हणावे. पुरावा म्हणू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विखुरलेल्या कागदांतून एक माणूस ओळखून काढण्याची जी शक्ती मृताला न्याय देते, तीच शक्ती जिवंताला हुडकून मारण्यासही उपयोगी पडते. रवांडात १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर ओळखपत्रे तपासली जात होती. बेल्जियमच्या वसाहतकाळापासून त्या ओळखपत्रावर वंशाची नोंद असे. ‘तुत्सी’ हा शब्द ज्याच्या पत्रावर असेल, त्याचा प्रवास तेथेच संपे. तेव्हा हातात कागदच होते. आज तशा नोंदी यंत्राच्या हाती दिल्यास काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. म्हणून यादी कोणाची, कोणाच्या हाती आणि कशासाठी, हे तीन प्रश्न यंत्र किती हुशार आहे या प्रश्नाच्या आधी विचारले पाहिजेत.

मित्रहो, हा विषय मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर केचुआच्या निमित्ताने अर्धे येऊन गेले आहे. उरलेले अर्धे म्यानमारमध्ये आहे. तेथे रोहिंग्या समाजाविरुद्धचा द्वेष फेसबुकवरून ब्रह्मी भाषेत पसरत होता. २०१५च्या प्रारंभी त्या कंपनीकडे आक्षेपार्ह मजकूर तपासणारी, ब्रह्मी जाणणारी माणसे केवळ दोन होती. २०१७ मध्ये लाखो रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. द्वेष पसरवण्यात आपल्या माध्यमाचा वापर होऊ नये यासाठी आपण पुरेसे केले नाही, हे त्या कंपनीने २०१८ मध्ये मान्य केले. जी भाषा ऐकणाऱ्याला समजत नाही, त्या भाषेतली धमकी आणि त्या भाषेतली किंकाळी, दोन्ही त्याला सारख्याच निरर्थक.

याच्या उलट टोकाचे उदाहरण युगांडात सापडते. तेथील ग्रामीण भागात लोक आपले म्हणणे वृत्तपत्रांत लिहीत नाहीत; ते रेडिओच्या कार्यक्रमांत फोन करून बोलतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कंपाला येथील प्रयोगशाळेने हे बोलणे यंत्राला ऐकू यावे, म्हणून लुगांडा आणि आचोली या भाषांसाठी वाणी ओळखणारी प्रणाली तयार केली. निर्वासितांविषयी लोकांच्या मनात काय आहे, कोठे रोगराई किंवा टंचाई आहे, हे त्यातून कानी येऊ लागले. या भाषांची अशी सामग्री तयार मिळत नव्हती. रेडिओवरचे बोलणे ऐकून ते शब्दाशब्दाने लिहून काढणारी माणसे आधी बसवावी लागली. यंत्र नंतर शिकले.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मला जे सांगायचे होते, ते एवढेच. ती साक्षीदार नाही. साक्षीदारांनी लिहून ठेवलेले ती वाचते, जुळवते आणि त्यातील पोकळी कोठे आहे ते दाखवते. ज्या गावात कोणी वहीच उघडली नाही, त्या गावाविषयी तिला सांगता येते ते फार थोडे. खुर्द्याची गणती आता शक्य झाली आहे, हे खरे. पण कोणीतरी, केव्हातरी, कोठेतरी थोडा खुर्दा वेचून ठेवला असेल तरच.

मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून तुम्ही कोण आहात, याची मला थोडीफार कल्पना आहे. तुमच्यापैकी कोणी अंगणवाडी सेविका आहे, कोणी ग्रामपंचायतीत लिपिक, कोणी पोलीस शिपाई, कोणी आरोग्य केंद्रात परिचारिका. दिवसभर नोकरी करून रात्री ही पुस्तिका उघडणारी तुम्ही मंडळी याच समाजाच्या नोंदवह्या भरणारी माणसे आहात. जन्म-मृत्यूची वही, आवक-जावक, ठाण्याची दैनंदिनी, बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर हे सारे तुमच्या अक्षरात लिहिले जाते. कामाच्या घाईत पूर्ण नावाऐवजी ‘एक अनोळखी इसम’ किंवा ‘अमक्याची पत्नी’ एवढेच लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. त्या क्षणी थोडे थांबा. समोरच्या बाईला तिचे स्वतःचे नाव विचारा, माहेरचेही विचारा, गावाचे नाव तालुक्यासह लिहा, तारीख घाला आणि अक्षर स्वच्छ काढा. ती ओळ कोणाच्या कामी येईल, हे आज सांगता येत नाही. पण कधीकाळी कोणी माणूस किंवा यंत्र त्या वहीपाशी आले, तर त्याला तेथे ‘अगणित’ हा शब्द न सापडता एक नाव सापडावे.